प्रोफेसर केळफा आणि नाथसागर

जादू आणि हलती चित्रे यांची सोयरीक आपल्याकडे जुनीच. दादासाहेब फाळके आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोग करीत. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या थोड्याथोड्या सरकवत, एकेक चौकट टिपत पडद्यावर नाचवल्या.

याच हलत्या चित्रांच्या दुनियेत 2018 साली ‘लिटल सिंघम’ हा कार्टून सुपरहिरो आला. पण तो पडला पोलीस, जादूगार नव्हे.

जादूगार सुपरहिरो छत्रपती संभाजीनगरात आणला, तर पटकथाकाराची पंचाईत होईल. नाथसागर जलाशय जवळच, पैठणला. नळाला पाणी मात्र कैक दिवसांआड. पठ्ठ्याने पहिल्याच भागात कांडी फिरवून सिडको-हडकोतल्या टाक्या भरल्या, तर उरलेल्या 25 भागांत दाखवायचे काय? त्यापेक्षा कांडीची निविदा काढावी. मुदतवाढ मिळाली की दुसरा सीझन पक्का, आणि ड्रम भरायला उठलेले प्रेक्षक पहाटे 3 वाजताही हजर!