सहकुटुंब नाटक पाहताना द्व्यर्थी विनोद पचवण्याची शास्त्रोक्त पद्धती

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर ‘सहकुटुंब पाहावे’ अशी जाहिरात झालेल्या नाटकातही द्व्यर्थी विनोद, म्हणजे वरकरणी वांग्याविषयी आणि आतून भलत्याच गोष्टीविषयी असणारे वाक्य, केव्हाही कानी पडू शकते. अशा वेळी एका बाजूला सासरे आणि दुसऱ्या बाजूला सातवीतला मुलगा असताना कुटुंबप्रमुखाने कसे वागावे, याचे विवेचन येथे केले आहे.

प्रथम दोषाचा प्रकार ओळखावा. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलतेचे तीन प्रकार मानले असून ते व्रीडा म्हणजे लाज, जुगुप्सा म्हणजे किळस आणि अमंगल यांवरून ठरतात. पोट बिघडलेल्या मामांचा प्रवेश जुगुप्सेत मोडतो, आणि त्यावर तीन पिढ्यांनी एकत्र हसण्याची महाराष्ट्रात जुनी वहिवाट आहे. थेट शिवीचाही फारसा त्रास नसतो, कारण ती सर्वांना सारखीच ऐकू येते. शिवाय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला (१९७२) वाद पेटल्यानंतर जाणाऱ्याला आपण कशाला चाललो आहोत, याची पुरती कल्पना असे. खरा पेच व्रीडेचा. श्लेषात नट काहीच वावगे बोलत नाही, अर्धे वाक्य बोलून तो निरागस चेहऱ्याने थांबतो आणि उरलेले प्रेक्षकाचे मन पुरे करते. त्यामुळे जो हसला त्याला ते कळले, असा बिनतोड पुरावा शेजारच्या खुर्चीला मिळतो.

म्हणून हास्याची निवड जपून करावी. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा भेद सांगितले आहेत: स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. स्मितात दात दिसत नसल्याने कुटुंबप्रमुखाने तेथेच थांबावे, अतिहसिताची उबळ आलीच तर तिचे खोकल्यात रूपांतर करावे, आणि सासऱ्यांनी त्याच क्षणी चष्मा पुसायला काढला, तर तो योगायोग समजावा. मुलाने अर्थ विचारल्यास ‘मध्यंतरात सांगतो’ असे म्हणून मध्यंतरात त्याच्या हाती गरम बटाटेवडा द्यावा. आजीची काळजी मात्र करू नये. तमाशाच्या गौळणीत मावशीने, म्हणजे लुगडे नेसलेल्या पुरुष नटाने, कृष्णाला दिलेली उत्तरे ऐकलेल्या आणि वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके पाहिलेल्या पिढीला श्लेष सर्वांआधी कळतो, आणि ती दात असोत वा नसोत, मोकळेपणाने हसते. तिचे वर्गीकरण करण्याचे धाडस या विवेचनात केलेले नाही.

तक्रारीचा मार्ग अवलंबण्यापूर्वी एक व्यावहारिक अडचण ध्यानात घ्यावी. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहिता तपासून प्रमाणपत्र देते. परंतु नट जी ‘अ‍ॅडिशन’ घेतो, म्हणजे संहितेत नसलेले जे वाक्य पदरचे घालतो, ते कोणत्याच कागदावर नसते, आणि शनिवारच्या प्रयोगात त्याला हशा मिळाला की रविवारी तेच वाक्य हातवाऱ्यांसह परत येते. ज्या कुटुंबांना ते नको असेल, त्यांनी शनिवारी स्मितही करू नये.