चाला, पण तारीख पाहून

पुणे महापालिकेने २०२१ सालापासून ११ डिसेंबर हा ‘पादचारी दिन’ ठरवला आहे. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद होतो आणि माणसं भर रस्त्यातून जीव मुठीत न धरता चालतात. दिन आपण दुर्मीळ जिवांचे साजरे करतो, वाघाचा, चिमणीचा. त्या यादीत पादचारी शोभून दिसतो. उरलेल्या दिवसांची सोय ‘चला, चालूया’ छापाचे उपक्रम करतात. पहाटे मैदानावर टी-शर्ट, थोडा झुम्बा, मान्यवरांच्या हस्ते झेंडा, शेवटी केळं आणि प्रमाणपत्र. मैदानापर्यंत यायचं मात्र गाडीने, कारण तिथवर चालत जाण्याजोगा रस्ता नसतो.

या सगळ्यामागचं गृहीतक असं की नागरिक आळशी आहे. निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, असं ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधला २०२४ चा अभ्यासही सांगतो. पण २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर बत्तीस हजारांहून जास्त पादचारी मेले. एवढं कळल्यावर घरी बसणाऱ्याला आळशी म्हणावं की शहाणा? इंडियन रोड्स काँग्रेस फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते. आपल्याकडे त्यात विजेचा डबा, पानटपरी आणि चार स्कूटर बसवून जे उरेल ते पादचाऱ्याचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला हालचालीची किमान १५० मिनिटं मागते, म्हणजे रोजची वीस-बावीस. फुटपाथ धड असेल तर स्टेशन, मंडई, मुलांची शाळा इथे चालत जाण्यातच ती भरून निघतील. (दहा हजार पावलांचा आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीच्या पावलं मोजणाऱ्या यंत्राबरोबर आला, त्याचं दडपण नको.) चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी तेवढं रोजच चालतात, फक्त त्यांना टी-शर्ट मिळत नाही.

यावर म्हणतील, उपक्रमाने जागृती होते, घोळक्यात हुरूप टिकतो, बायकांना पहाटे निर्धास्त वाटतं. खरं आहे, शेवटचं तर अगदीच. पण घोळका जमवल्याशिवाय बाईला रस्त्यावर निघता येत नसेल, तर ते शहराचं अपयश. उपक्रमाचं यश म्हणून त्याचे फोटो कसले छापता? चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा पुढची वॉकेथॉन एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहाला, रस्ता बंद न करता घ्यावी. झेंडा दाखवून झाला की मान्यवरांनी गाडी परत पाठवावी आणि फुटपाथवरूनच घरी जावं.