पाचशे वर्षांचं स्थळ

सारा जे. मास यांच्या २०१५ साली सुरू झालेल्या अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्यांच्या मालिकेत नायिका १९ वर्षांची आणि नायक ५०० पार केलेला. पंख आहेत, राज्य आहे, दुसऱ्याच्या मनातलं वाचायची सिद्धीही आहे. पण अक्कल? २०२१च्या भागात हे महाशय बाळंतपण बायकोच्या जिवावर बेतणार आहे, हे तिच्यापासूनच लपवतात. पाच शतकांत एवढाच संसार शिकले! रेबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’ (२०२३) या कादंबरीत निदान ड्रॅगन तरी शहाण्यासारखं बोलतात. बाकी युद्ध तोंडावर आलेलं असताना सगळ्यांचं लक्ष पिळदार दंडांकडे. (माझंही; उगाच खोटं कशाला बोलू?) तेव्हा प्रकाशकहो, पानांच्या कडा रंगवण्याचा थोडा खर्च वाचवा आणि एखादा कठोर संपादक नेमा.