पंधरवड्याचे दादा

जुलैत बारवी धरणाच्या खोऱ्यात भाताची आवणी सुरू होते आणि परदेशी दादा उतरतात. पावसाने दडी मारली तर आवणी लांबते. दादा लांबत नाही, कारण अमेरिकेतल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते आणि कॉलेजच्या अर्जातला समाजसेवेचा रकाना अजून रिकामा असतो.

दादाचं घर न्यू जर्सीत, मावशी डोंबिवलीच्या एमआयडीसीत. मावशीच त्याला गाडीतून धरणाजवळच्या आमच्या आश्रमशाळेत आणून सोडते. बरोबर डासांचं मलम, खाकरे आणि बाटलीबंद पाण्याचे खोके. "बाळा, इथलं पाणी चुकूनसुद्धा तोंडात घालू नकोस हं!" हे ती आमच्यादेखत बजावते. तिच्या ओट्यावरच्या नळाला याच धरणाचं पाणी येतं, हे मावश्यांना सांगायचं आमच्या अधीक्षकांनी हल्ली सोडून दिलंय. त्यांचे चेहरे बघवत नाहीत म्हणाले.

दादा उंच, गुटगुटीत आणि फार नम्र. कामाठीमामांनाही वाकून नमस्कार करतो. मराठी तो आजीकडून फोनवर शिकलेला असतो, त्यामुळे सतराव्या वर्षी, मिसरूड फुटलेल्या तोंडाने 'अगंबाई!' म्हणतो. पहिल्या दिवशी वर्गाला हसू आवरायला जड जातं, पण आमची पोरं पाहुण्याला हसत नाहीत.

उलट त्याची सोयच बघतात. प्रत्येक दादा 'माय नेम इज'पासून सुरुवात करतो. गेली कित्येक वर्षं सगळे दादा तिथूनच सुरुवात करत आल्यामुळे दुसरीतलं पोरही हे झोपेत म्हणेल. पण पहिल्या दिवशी ते कुणालाच येत नाही. मुली जमिनीकडे बघतात. तालुक्याला इंग्रजी कवितेत बक्षीस मिळवलेला सातवीतला पठ्ठ्या स्वतःचं नाव सांगताना घशात काटा अडकल्यासारखं करतो. तिसऱ्या दिवशी एकदोघांना उजेड दिसतो. पंधरवडा संपता संपता अख्खा वर्ग खणखणीत आवाजात आपापलं नाव सांगतो, दादा त्याचा व्हिडिओ काढतो आणि डोळे पुसतो. एका मुलीला मी विचारलं, कशाला गं हे नाटक? तर म्हणाली, "मंग सर, दादानी पंधरा दिस केला काय असता?"

भिंत रंगवण्याबद्दल फारसं लिहीत नाही. गेल्या साली तिच्यावर हत्ती होता, यंदा फुलपाखरू आहे, आणि दोघांच्याही पाठीमागे ओल आहे.

संध्याकाळी मुलं दादाला धरण दाखवायला नेतात. बारवीची उंची वाढवली आणि 2019च्या पावसाळ्यात धरण नव्या पातळीपर्यंत भरलं, तेव्हा काठचे पाडे उठले. एक मुलगी पाण्याकडे बोट करून सांगते, "माझे आजीचा घर थयं." दादा म्हणतो, "वॉव, लेक व्ह्यू!" मुलगी मान डोलावते. पाहुण्याला दुखवायचं नाही.

रात्री तो मित्रांना कळवतो की आपण अनाथ मुलांना शिकवतो आहोत. त्या अनाथांचे आईबाप दिवसभर रस्त्यापलीकडच्या खाचरात गुडघाभर चिखलात लावणी करत असतात. दादाने त्यांचे फोटोही काढलेले असतात, 'हिरवंगार कोकण' म्हणून. हे हसण्यावारी नेता येतं, कारण इथे निदान मुलांना घरी जाता येतं. नेपाळ आणि कंबोडियात अशा पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप असलेली मुलंही अनाथ म्हणून ठेवल्याचं उघड झालंय.

आमची खरी गोची दिवाळीनंतर होते. मुलांच्या कातकरी आईबापांनी वीटभट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. घर निघालं की पोरंही निघतात. नववीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला, पाचवीतला मुलगा विटा उलटायला. शाळा निवासी आहे, जेवण आहे, तरी निम्मे बाक मोकळे होतात. तेव्हा दादा नसतो. फार तर नाताळात एक दिवस लाल टोपी घालून येतो.

बाहेरून येऊन आदिवासी मुलांना शिकवणारे पूर्वीही होते. अनुताई वाघ 1945 साली ताराबाई मोडकांच्या हाताखाली काम करायला बोर्डीला गेल्या, 1957पासून कोसबाडला राहिल्या आणि 1992मध्ये वारल्या तोवर तिथल्याच होऊन राहिल्या. परतीचं तिकीट काढायचं राहून गेलं असावं.

सगळे दादा एका माळेचे मणी नाहीत म्हणा. एक जण चुकून जानेवारीत आला. शिकवणं त्याला अजिबात जमेना, म्हणून मुख्याध्यापकांनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून भट्ट्यांवर नेलं. सहा फुटी गोरा पोरगा आणि त्याच्या हातात वही! कुणी बडा साहेबच आला, असं वाटून भट्टीमालकाने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. दादाला काय बोलावं सुचेना, तो नुसता "अगंबाई!" म्हणाला. मुख्याध्यापकांनी तेवढ्यात पालकांशी बोलून घेतलं. त्या आठवड्यात पाच पोरं वर्गात परत आली.

तेव्हा न्यू जर्सीच्या, डॅलसच्या, लंडनच्या मंडळींनो, पोरांना जरूर पाठवा. पण जुलैत नको, तेव्हा आमचे वर्ग भरलेले असतात. दिवाळीची सुट्टी संपली की पाठवा, आणि महिना-दोन महिने तरी राहू द्या. रंगाचे डबे नकोत. मोटारसायकलवर मागे घट्ट धरून बसता आलं म्हणजे झालं. पेट्रोलचं आम्ही बघू.