उत्तर तेच आलं पाहिजे

आमची भाची नेमकं काय करते, हे लग्नाच्या मांडवात सांगायची वेळ आली की मला हमखास तहान लागते. 'आयटीत आहे' म्हटलं की पूर्वी लोक गप्प बसत. आता विचारणाराच आयटीत असतो आणि 'कशावर?' म्हणून पुढचा प्रश्न टाकतो. पुण्यात तिला पगाराची नोकरी आहे. पण रात्री जागून, जीव ओतून ती जे करते ते 'एनर्जीप्लस' नावाच्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरचं काम. फुकटचं म्हणजे वापरणाऱ्यालाही फुकट आणि हिच्याकडूनही फुकट.

इमारत उभी राहायच्या आधीच ती मे महिन्यात किती तापेल आणि थंड ठेवायला किती वीज खाईल, हे ते सॉफ्टवेअर सांगतं. मूळ अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं. त्या सरकारकडे आधी या कामाचे दोन प्रोग्राम होते, लष्कराच्या पैशावर वाढलेला 'ब्लास्ट' आणि ऊर्जा खात्याचा 'डीओई-2'. एकाच घरात दोन चुली कशाला, असा विचार होऊन दोन्हींतलं चांगलं एकत्र केलं गेलं आणि 2001 साली एनर्जीप्लसची पहिली आवृत्ती आली. आज त्याचा सगळा कोड गिटहबवर उघडा आहे. वाचा, चूक काढा, दुरुस्त करून पाठवा. चूक काढायचं आमंत्रण आणि तेही जगाला! आमच्या घराण्यातलं कुणी ना कुणी तिथे पोहोचणारच होतं.

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे दर रविवारी फोनवर तिला हिशेब विचारतो.

"या आठवड्यात काय केलंस?"

"एक जुनं फंक्शन पूर्ण नव्यानं लिहिलं मामा. चारशे ओळींच्या दीडशे झाल्या."

"मग उत्तरात काय फरक पडला?"

"काहीच नाही!" हे ती अशा आनंदात सांगते की पलीकडे बहुतेक पेढे वाटणं चालू असावं.

हा आनंद समजायला मला वेळ लागला. कोणी कोडला हात लावला की ते सॉफ्टवेअर पाळलेल्या शेकडो नमुना इमारती पुन्हा चालवून बघतं. शाळा, दवाखाने, हॉटेलं, गोदामं. जुना कोड आणि नवा कोड, दोघांची उत्तरं शेजारी ठेवली जातात. फरक सापडला तर यादी येते, त्यात 'स्मॉल डिफ' आणि 'बिग डिफ' असे प्रकार असतात. ज्यानं दुरुस्ती पाठवली त्यानं प्रत्येक फरकाचा जबाब द्यायचा. फरक योग्यही असू शकतो, आधीचं गणितच चुकलेलं असेल तर. पण नुसती झाडलोट केली असेल, तर उत्तर तेच आलं पाहिजे. भाचीनं एकदा दोन इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग सुधारलं, तेही कोडमधल्या टिपणात, जे यंत्र वाचतसुद्धा नाही. तरी त्या शेकडो इमारतींनी आपापला उन्हाळा-हिवाळा पुन्हा काढला आणि सगळ्यांची बिलं तितकीच आली. मंडळात आम्ही इतकी तपासणी केली असती तर... पण ते असो.

या पंथातलं सगळ्यात थोर काम 2014 मधलं. मूळ प्रोग्राम फोरट्रानमध्ये होता, तो सगळाच्या सगळा सी प्लस प्लसमध्ये नेला. लाखो ओळी. आणि एवढं खपून मिळवायचं काय, तर कालचंच उत्तर. आपल्याकडे घराला रंग काढला तरी लोकांना काहीतरी वेगळं दिसावं लागतं.

उत्तरं येतात मात्र ज्यूलमध्ये. बिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. आमचा 75 वॅटचा पंखा तासभर फिरला तर 2 लाख 70 हजार. हा आकडा ऐकल्यापासून मी खोलीतून उठताना पंखा बंद करतो. तीस वर्षं बायको सांगत होती तेव्हा करत नव्हतो.

माणसंही त्यात वॅटमध्येच मोजतात. खुर्चीत बसून किरकोळ काम करणारा माणूस साधारण 120 वॅट उष्णता सोडतो. आमच्याकडे गौरी-गणपतीच्या आरतीला दिवाणखान्यात तीस माणसं असतात. झाले 3600 वॅट. एक टनाचा एसी सुमारे 3500 वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे तो नुसत्या भक्तांनाच पुरत नाही. समया, कापूर आणि टाळ्या वेगळ्या.

गेल्या उन्हाळ्यात भाची नागपूरला आली तेव्हा मी हट्टच धरला की आपला फ्लॅट त्यात घालून बघायचा. तिनं भिंती, खिडक्या, स्लॅब मोजून घेतलं. हवामानाची फाइल नागपूरचीच मिळाली: 8760 तासांचं एक वर्ष, जे कधीच घडलेलं नाही. अशा वर्षाला जानेवारी एका सालचा असतो, मे दुसऱ्या सालचा. जो महिना त्या गावाला शोभेल असा असतो तो निवडून जोडतात. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या बऱ्याच नमुना फाइली मात्र शिकागोच्या. त्यातली एक उचलून नागपूरचं घर बसवलं की मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी मिळते. भाचीनं आधी ते सगळं उपटून काढलं. कूलर सापडला तेव्हा मला फार बरं वाटलं. ओल्या पॅडमधून हवा ओढणारा कूलर त्यात आहे, अगदी पॅडच्या जाडीसकट. वाळ्याची ताटी नाही. मी म्हटलं, "हे तुझं पुढचं काम." ती म्हणाली, "मामा, आधी वाळ्याचे प्रयोगशाळेतले आकडे आण."

शेवटी निकाल आला. वर लिहिलं होतं की काम यशस्वी झालं, इशारे सतरा, गंभीर चुका शून्य. सतरा इशारे मिळूनही यशस्वी, हा प्रकार संसारात मुरलेल्या माणसाला नवा नाही. तर निकाल असा की पश्चिमेच्या बेडरूमची खिडकी हे सगळ्या दुखण्याचं मूळ.

"हे तर मी घर घेताना बोलले होते," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"म्हणजे उत्तर तेच आलं!" भाची खूश.

मग तिनं दोन उपाय चालवून दाखवले. आतून जाड पडदा लावला तर थोडाच फरक, कारण ऊन काचेतून आत येऊन चुकलेलं असतं. बाहेरून छज्जा आणि चिकाचा पडदा लावला तर ऊन काचेला शिवायच्या आधीच अडतं. आकड्यांत फरक चांगला ठसठशीत होता. भाचीच्या भाषेत 'बिग डिफ'.

त्याच मुक्कामात तिनं एनर्जीप्लसच्या दस्तऐवजातल्या एका परिच्छेदाची दुरुस्ती पाठवली. कोलोरॅडोतल्या कुणा अनोळखी माणसानं ती वाचून, एक शंका विचारून, आठवडा संपायच्या आत स्वीकारलीही. छज्ज्याचा अर्ज मी त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या सचिवांना दिला होता, सोबत आलेख जोडून. त्यांनी आलेख उलटासुलटा पाहिला, फाइलला लावला आणि म्हणाले, "पुढच्या मीटिंगला घेऊ. पण काहो, छज्ज्यानं इमारतीच्या दिसण्यात काही फरक तर पडणार नाही ना?"