रास जुळत नाही

आत्याचा फोन आला तेव्हा मी टाकीत खांद्यापर्यंत हात घालून बसलो होतो, म्हणून तो बायकोनं घेतला. "त्यांचं काय विचारता आत्याबाई, रॅसमध्ये अडकलेत," ती म्हणाली. "दोघांचं पटतच नाही. पिवळी बिचारी गरीब आहे, आणि तो मेला सकाळपासून तिच्या मागे."

आत्या नागपूरला असते, एका कानानं कमी ऐकते आणि चाळीस वर्षं लग्नं जुळवत आली आहे. तिला 'रास' ऐकू आलं. पुढची दहा मिनिटं बायको नुसती "नाही हो", "तसं नाही हो" करत होती. एकनाड आहे का, मुलाचा गण कोणता, मुलगी पिवळी म्हणजे काविळीचं औषध दिलं का, आणि गोष्ट इथवर येईपर्यंत आपल्याला कोणी कळवलं कसं नाही. शेवटी फोन माझ्या कानाशी धरला गेला. मी सांगितलं, आत्या, मासे आहेत. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आत्या म्हणाली, "मग पत्रिका काय बघत बसलास? फोडणी दे."

रॅस हे समुद्री माशांचं अवाढव्य कुळ. पाचशेहून जास्त जाती. करंगळीएवढ्या माशापासून कपाळावर टेंगूळ मिरवणाऱ्या दोन मीटर लांबीच्या नेपोलियनपर्यंत सगळे एकाच आडनावाचे. रंग असे की पैठणीनं मान खाली घालावी, आणि स्वभाव असे की भाऊबंदकीनं शिकवणी लावावी.

हा समुद्री मासा कारध्यात काय करतो, हा प्रश्न मला गावातल्या प्रत्येकानं विचारला आहे. वैनगंगेच्या एका काठावर भंडारा, दुसऱ्या काठावर आमचं कारधा, मध्ये ब्रिटिशकालीन लहान पूल. मुंबईचा समुद्र जवळजवळ नऊशे किलोमीटर दूर. कारध्याशी त्याचा संबंध येतो तो पावसाळ्यात, आणि तोही आकड्यापुरता. इथली वैनगंगेची धोक्याची पातळी 245.50 मीटर. नवख्या पाहुण्याला वाटतं नदी तेवढी खोल आहे, आणि तो घाईघाईनं सामान आवरू लागतो. पण ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली. म्हणजे श्रावणात अख्खा जिल्हा कारध्याच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो तेव्हा नकळत समुद्राचंच नाव घेत असतो. मी तो समुद्र टाकीत भरला, इतकंच.

वेड मात्र जुनं. सहावीत असताना मामानं मुंबईला नेलं होतं, मरीन ड्राइव्हवरच्या 1951 सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात. बाकीची पोरं कासवाकडे धावली. मी एका काचेला नाक लावून उभा राहिलो तो मामानं शर्टाला धरून ओढेपर्यंत. आमच्याकडे मासा म्हणजे रोहू, कतला, मरळ. राखाडी, कामसू, सरळ रश्श्यात जाणारा. मासा निळा-नारिंगी असू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

टाकी चार फुटी, पाणी तीनशे लिटर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे हिशेब साडेदहा किलोंवर गेला. हे मीठ भाजीतलं नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम घातलेलं, बादलीबंद येणारं आणि सुक्यामेव्याच्या भावाचं. दारासमोर गोड्या पाण्याची नदी वाहत असताना नळाचं पाणी आरओतून गाळून त्यात पदरमोड करून मीठ कालवणाऱ्या मुलाकडे आई दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच बादलीतलं मूठभर मीठ घेऊन माझी दृष्ट काढली आणि निखाऱ्यावर टाकलं. "तडतडलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे दृष्टबिष्ट काही नाही. हे तुझं मूळचंच आहे."

मीठ कालवलं की मासे सोडले, असंही नाही. पाणी लोणच्यासारखं मुरवावं लागतं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्तीला यावे लागतात. त्यात माझे सहा आठवडे गेले. दगडही साधे नव्हेत, मुद्दाम घडवलेले सच्छिद्र, कारण खरं प्रवाळ घरात ठेवायची सोय नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळाला वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. सहा आठवडे आमच्या बैठकीत दिवा लावलेलं, खळखळणारं, रिकामं पाणी होतं. पाहुणे यायचे, वाकून बघायचे आणि विचारायचे, "मेले का?"

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून घरात अजून बोललं जातं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि या माशांना लागतं पंचवीस-सव्वीस अंश. सबब माणसांना कूलर आणि माशांना चिलर. सासरे एकदा दुपारी आले आणि घामाघूम होऊन टाकीच्या काचेला गाल लावून बसले.

आता मूळ दुखणं. दुकानदारानं मला पहिला रॅस दिला तो सहा आडव्या रेघांचा. जांभळट अंग, त्यावर नारिंगी रेघा, लांबी माझ्या बोटाएवढी. मी शाळामास्तर. दुरेघी आणि चाररेघी वह्या तपासण्यात जन्म गेला, तेव्हा त्याचं नाव सहारेघी पडलं. स्वस्त, काटक, काहीही खातो, दगडांतले किडे वेचतो. अशा गुणी मुलाला कोण नाही म्हणेल? नवशिके सगळे त्यालाच आधी आणतात, आणि तिथेच फसतात. सहारेघीनं दोन दिवसांत टाकी पायाखाली घातली (पाय नसताना), आणि तिसऱ्या दिवशी सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतला.

मग आली पिवळी. हळदीसारखा रंग, पाठीच्या परावर काळे ठिपके. पिशवीतून सोडली, तिनं एकदा सहारेघीकडे पाहिलं आणि वाळूत डोकं खुपसून नाहीशी झाली. एक दिवस, दोन दिवस, तीन. ही जात रात्री वाळूत निजते आणि घाबरली की दिवसाही, म्हणून तळाशी दोन-तीन इंच बारीक वाळू घालतात, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि रात्री बाराला आठवणारं यांत फरक असतो. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला दूध तापवायला उठलेल्या आईनं हाक मारली. अंधाऱ्या टाकीत पिवळी आरामात फिरत होती. दुपारी पावणेचारला ती पुन्हा वाळूत. दोन दिवस हेच. मग उलगडा झाला. मासा आला होता इंडोनेशियातून. तिथलं बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पिवळीनं प्रवास केला होता, पण घड्याळ जुळवलं नव्हतं. आई म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मीही पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा चारलाच उठायची."

पिवळी दहा दिवसांत आपल्या वेळेवर आली, आणि तिथून छळ सुरू झाला. सहारेघी तिला चावत नसे. तो फक्त तिच्या मागे असे. इतवारीला गाडीत बसलेला माणूस गोंदियापर्यंत जसा आडवा होऊन राहतो आणि कुणी "जरा सरका" म्हटलं की आधी कोपर पुढे करतो, तसा. तीनशे लिटर पाण्यात त्याला नेमकी तीच जागा हवी असायची जिथे पिवळी आहे.

मी पत्रिका काढली. हसू नका, शौकीन मंडळींचे असे तक्ते असतात: कोण कोणासोबत चालेल, कोण जपून, कोण मुळीच नाही. ते वाचताना मला आत्या क्षणोक्षणी आठवत होती, कारण नियम तिचेच. सगोत्र नको: एकाच प्रजातीचे, एकाच चणीचे, एकाच रंगाचे मासे एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. परी रॅस म्हणून जो असतो तो देवगण. पिवळी मनुष्यगण. सहारेघीचा गण सांगायला नको. छत्तीसपैकी नाडीचेच आठ गुण गेले, तर उरलेल्यांवर संसार कसा चालायचा?

पत्रिकेत एक अडचण मात्र आत्याच्या पंचांगाबाहेरची निघाली. रॅसच्या बहुतेक जातींत पिल्लं आधी माद्या असतात आणि कळपातली जबरदस्त मादी पुढे नर होते. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डी. रॉस रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरिअर रीफवर डॉक्टर रॅसच्या (इतर माशांची सफाई करणाऱ्या रॅसच्या) कळपातून नर काढून घेतला. थोरली मादी काही तासांत नरासारखी वागू लागली आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरच नर झाली. मी हे फोनवर आत्याला सांगितलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "काका गेल्यावर घर मीच चालवलं. काय नवल?"

देवगणी परी रॅस मी तरीही आणला. शेंदरी-जांभळा, कागदाच्या पतंगासारखा तरंगणारा. रात्री तो दगडाच्या कपारीत शिरायचा आणि तोंडातून चिकट पारदर्शक कोष काढून त्यात झोपायचा. बॅटरीच्या उजेडात मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला उठवलं. तिनं आमच्या पलंगाच्या मच्छरदाणीतून मान काढून बघितलं आणि म्हणाली, "त्याची मच्छीदाणी."

सहारेघीला हे सुख बघवलं नाही. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास बैठकीत 'टप्' असा आवाज झाला. दिवा लावला तर परी रॅस फरशीवर, शाळेच्या तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी उड्या मारतोय. रॅस घाबरला की पाण्याबाहेर उडतो. टाकीवर जाळी हवी, हे माहीत असून मी "रविवारी बसवू" म्हणून ठेवलं होतं. ओल्या हातांनी उचलून त्याला पाण्यात सोडला. तो दोन मिनिटं कललेला राहिला, मग सरळ झाला. आईनं माळ्यावरची जुनी मच्छरदाणी फाडली आणि आम्ही तिघांनी पहाटेपर्यंत ती लाकडी चौकटीवर ताणून ठोकली. एका पोराच्या पेपरावर आजही खाऱ्या पाण्याचा डाग आहे. त्याला मी दोन गुण वाढवून दिले.

उपाय करून पाहिले. काचेला बाहेरून आरसा चिकटवला. सहारेघी दिवसभर स्वतःशीच भांडत बसला आणि बाकीच्यांना चार घास निवांत मिळाले. याच कुळातल्या डॉक्टर रॅसला आरशात गळ्यावरचा डाग दाखवला तर तो आपलाच आहे हे ओळखून तो गळा घासायला जातो, असं ओसाकाच्या मासानोरी कोहदा यांनी 2019 साली प्रसिद्ध केलं. आमच्याकडे तसली बुद्धी आलेली नाही. संध्याकाळी आरसा काढला की तो ताजातवाना होऊन पिवळीकडे वळायचा.

त्याला बाहेर काढणं हाच मार्ग होता, पण पकडणार कसा? जाळी बुडवली की तो कपारीत. दगड काढावे तर सगळा संसार उपसायचा. अखेर गल्लीतले डोंगेवाले काका आले. साठी उलटलेले, सगळा जन्म वैनगंगेत जाळं टाकण्यात गेलेला. टाकीसमोर ते उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं रंग बघतायत. ते माशाचा रस्ता बघत होते.

"गुरुजी, पान्याची रिकामी बाटली हाय का?"

त्यांनी बाटलीचं तोंड ब्लेडनं कापलं, उलटं करून आत बसवलं, दोऱ्यानं शिवलं, अंगाला भोकं पाडली. नदीत ते बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतात त्याचंच हे धाकटं भावंड. आत शिरायचा रस्ता रुंद, बाहेर यायचा सापडत नाही. आत झिंग्याचा तुकडा. बाटली त्यांनी मला दाखवलेल्या जागी न ठेवता दोन दगडांच्या मधल्या बोळात आडवी घातली. "हा इथूनच वळते," एवढंच म्हणाले. चहा उकळून खाली यायच्या आत सहारेघी बाटलीत होता आणि बाटलीच्या भिंतीवर धडका देत होता. जे मला एकवीस दिवसांत जमलं नाही ते चहाला लागतो तेवढ्या वेळात.

मग मी क्रम उलटा केला, जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. रॅस ठेवायचे तर भित्रा आधी, दांडगा शेवटी. सहारेघीला भोकाच्या पारदर्शक डब्यात घालून डबा टाकीतच टांगला. त्यानं सगळं बघायचं, करायचं काही नाही. सासरी गेलेल्या बहिणीच्या नवऱ्याला आपण पहिली दिवाळी असंच बसवतो. दरम्यान दगडांची जागा बदलली, म्हणजे जुन्या सातबाऱ्यावरच्या खुणाच पुसल्या. पिवळी आणि परी दोन आठवड्यांत ऐसपैस झाले. मग एका रात्री दिवे मालवून डब्याचं झाकण काढलं. सकाळी सहारेघी बाहेर आला. बोळात पिवळी, कपारीत परी, जुनी घरं गायब. तो मधोमध थांबून राहिला, शाळा बदललेल्या पोरासारखा. दुपारी त्यानं पिवळीवर एक चाल केली. ती हलली नाही. तो वळला आणि दगडातले किडे वेचू लागला.

पूर्ण शांतता आहे असं नाही. जेवणाच्या वेळी कोपर अजून पुढे येतं. पण उडी कुणी मारलेली नाही, आणि आत्याला मी फोनवर "जुळलं" एवढं कळवलं.

परवा डोंगेवाले काका बघायला आले. पुन्हा उकिडवे बसले. सगळं न्याहाळून झाल्यावर म्हणाले, "समुद्राचं पानी असंच राहते का जी?" मी म्हटलं, अगदी असंच, मोजून केलंय. ते कधी नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. त्यांनी मच्छरदाणीची कड उचलली, एक बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटून चव घेतली. मी अभिमानानं वाट बघत उभा.

"मीठ जरा जास्तच पडलं बगा, गुरुजी."