रणगाडा की बिऱ्हाड?

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी शेर्मन रणगाड्यात पाच जणांचा संसार असे आणि आतली जागा दारूगोळ्याने अडवल्यामुळे वळकट्या, ताडपत्र्या, जेरीकॅन, म्हणजे इंधनाचे वीस लिटरचे पत्र्याचे डबे, हे सारे बाहेरच बांधावे लागे. १:३५ प्रमाणातील, म्हणजे मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांनी मात्र या नाइलाजाचा असा काही उत्सव केला आहे की, गाडी आघाडीवर निघाली आहे की बिऱ्हाड हलवायला, असा प्रश्न पडावा. रेझिनची तयार गाठोडी इंजिनाच्या जाळीवर खुशाल रचली जातात, टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, वळला तर निम्मा संसार खाली येईल याची कोणाला फिकीर नसते आणि भरल्यावर सुमारे वीस किलोचा होणारा जेरीकॅन तिरप्या चिलखतावर केवळ गोंदाच्या भरवशावर उभा असतो. वस्तुतः शिशाच्या पातळ पत्र्याची मिलिमीटरभर रुंद पट्टी कापून ती वळकटीत किंचित रुतवली आणि तिचे टोक खरोखरच एखाद्या कडीपर्यंत पोहोचवले, तर त्या ढिगाला वजन येते. पण त्याला चिकाटी लागते, गाठोडी मात्र पैशाने मिळतात. प्रत्यक्ष युद्धात अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांनी आपल्या थर्ड आर्मीत जादा संरक्षणासाठी चिलखतावर वाळूची पोती रचण्यास मनाई केली होती, कारण त्या भाराने गाडीची यंत्रणाच खचते. प्रतिकृतीत यंत्रणाच नसल्यामुळे पोती किती रचायची, हे पाकिटात किती निघाली यावरच ठरते.